खोली आडवं पडून बघायची

अण्णा, तुमचं इथे येणं राहूनच गेलं, म्हणून आधी एवढं सांगतो की ओमानात पाऊस थंडीत येतो. वर्षातून दोन-चार दिवसच, पण आला की गच्चीचं तळं करून जातो. चिपळूणला तुम्ही परसातल्या भाड्याने द्यायच्या दोन खोल्यांची मे महिन्यात जी आगोट करायचात, कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, ती मी इथे सीबला नोव्हेंबरात करतो. घर माझं नाही. अर्बाबकडून, म्हणजे इथल्या मूळ मालकाकडून, आख्खं घर भाड्याने घेऊन, त्याच्या परवानगीनेच, मी खोल्या पुढे देतो. पण नळ गळला की भाडेकरू माझ्या दाराशी येतात, त्यामुळे मालक मीच. ज्याला खिळा सरळ ठोकता येत नाही असं तुम्ही चारचौघांत सांगायचात, तो तुमचा मुलगा आता घरमालक आहे. हसा हवं तर.

यंदाही सगळं केलं. गच्चीच्या पन्हळीतून घमेलंभर वाळू निघाली, वर कबुतराचं घरटं. मग गीझर. उन्हाळ्यात टाकीचं पाणी इतकं तापतं की आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरतो. गरमच्या नळाला गार पाणी आणि गारच्या नळाला चटका. नवा माणूस पहिल्याच दिवशी हात भाजून घेतो. थंडी पडली की मी खोल्याखोल्यांतून फिरून गीझर चालू करतो आणि नळ शहाण्यासारखे वागायला लागतात. खालच्या तिन्ही खोल्या झाल्या. वरची राहिली होती.

मला तुमची ती रिकामी खोली आठवते. मी बारा-तेरा वर्षांचा आहे. बदली होऊन आलेले एक मास्तर आणि त्यांची बायको दुसऱ्या दिवशी राहायला येणार आहेत. सारवून झालंय, कड्या घासून झाल्यात, आणि तुम्ही भर दुपारी जमिनीवर चटई टाकून पडला आहात. मी म्हणतो, "झालं ना सगळं?" तुम्ही म्हणता, "उभ्याने काय कळणार तुला? पड इथे." मी पडतो, आणि कौलांतून उजेडाचा एक बारीक ठिपका दिसतो, जो सकाळपासून मला दिसला नव्हता. "आपण खोली उभ्याने बघतो. राहणारा आडवा पडून बघतो," तुम्ही म्हणालात. मी शिडी आणायला धावलो. तुम्ही मात्र उठला नाहीत, बराच वेळ. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तुमचा दोघांचा संसार त्याच खोलीत सुरू झाला होता, हे आत्याने मला फार उशिरा सांगितलं.

वरची खोली आमची होती. मुलीच्या कॉलेजसाठी मायलेकी पुण्याला गेल्या, तेव्हा दोन वर्षांचाच प्रश्न आहे असं ठरलं होतं. मी खाली जिन्याजवळच्या खोलीत आलो आणि वरची कुलूप लावून ठेवली. मग तिकडे हिला नोकरी लागली, मुलीचे मित्रमैत्रिणी झाले. परवा फोनवर कुकरच्या शिट्ट्यांतून ही म्हणाली, "अहो, देऊन टाका ना ती खोली. आमचं आता तिकडे राहायला येणं काही होत नाही." भाजीला काय आणलं ते सांगावं तशा आवाजात. मुलीचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "बाबा, माझा रूम दिला तू? इट्स ओके, आय डोन्ट माइंड." तिच्या मराठीला हसणारं इथे कुणी उरलं नाही, हे मला त्या वेळी फार लागलं.

खोली वसईच्या एका मुलाने बघितली. रुवीतल्या हॉटेलात कामाला आहे, बायको आणि तान्हं बाळ येणार आहेत. बाळ म्हटल्यावर मी जोमाने लागलो. गीझर लावला, एसीला कव्हर घातलं. पण आडवा काही झालो नाही. तीन दिवस टाळलं. शेवटी काल दुपारी फरशीवर पडलो, तर खिडकीतल्या एसीच्या खालच्या फटीत काहीतरी निळं दिसलं. हिच्या सुती साडीचा तुकडा. धूळ आणि गार वारा येऊ नये म्हणून तिने कधीतरी घट्ट कोंबला होता. इतकी वर्षं त्या खोलीत राहून मला ते माहीत नव्हतं. उपसून काढला तशी वाऱ्याची बारीक धार थेट तोंडावर आली. बाळाच्या खोलीत हे चालायचं नाही. फट सिलिकॉनने बुजवली.

आजही मी इथेच आहे. उशी नाही म्हणून तो तुकडा डोक्याखाली घेतलाय आणि पडल्यापडल्या हे पत्र लिहितोय, तुम्ही गेल्यावर ते कुठल्याच पेटीत टाकायचं नाही हे माहीत असून. सगळं ठीक आहे, अण्णा. छत कोरडं आहे, नळ गळत नाही, वारा कुठूनही येत नाही. तपासायचं काही उरलेलं नाही. त्या दुपारी तुम्ही काय करत होतात ते आता मला विचारावं लागणार नाही.

मघाशी त्या मुलाचा फोन आला होता. "अंकल, उद्या सामान आणू ना?"

मी म्हटलं, "सिलिकॉन ओलं आहे रे अजून. शनिवारी आण."

"चालेल अंकल. शनिवारी, इन्शाल्ला."

ते सकाळीच वाळलं होतं.