चाचांचा फेटा

२४ एप्रिल, सोमवार
टेनिसची स्पर्धा गुरुवारपासून. पाहुणे आणि प्रेक्षक, दोन्हींची व्यवस्था माझ्या गळ्यात. रिटायर माणूस दिसला की कमिटीला चेव येतो. पाहुण्यांना मांडव, सोफे, पंखे. प्रेक्षकांना उघड्या पायऱ्या आणि दोन माठ. बोललो, तर सेक्रेटरी म्हणाले, "तेवढं बजेट न्हाय."
एक गोष्ट मात्र भांडून मिळवली. उद्घाटनाला हमीदचाचांचा सत्कार. चाळीस वर्षं क्लबच्या मागच्या खोलीत रॅकेटना तार भरली. माझी पहिली रॅकेट त्यांच्याच हातची. पण मांडवात कधी कुणी बसवलं नाही त्यांना.

२६, बुधवार
कुरुंदवाडला जाऊन आलो. चाचा अठ्ठ्याहत्तरचे. पत्रिका दोनदा वाचली. "माझं नाव छापलंय व्हय रं?"
मुलगा इरफान कुरकुरत होता, ऊन लई हाय म्हणून. म्हटलं, मांडव हाय, पंखा हाय, तासाभरात सोडतो. शब्द दिला.

२७, गुरुवार
लिहवत नाही. तरी लिहितो.
कार्यक्रम अकराचा. प्रमुख पाहुणे उगवले एक वाजता. फेटे मात्र मी पावणेअकरालाच बांधून मोकळा. मी बांधलेला फेटा वारं सुटलं तरी हलत नाही, याचा केवढा तोरा मला! चाचांचा तर जास्तच मन लावून, घट्ट.
बाराला लाइट गेली. पंखे बंद, कापडाखाली नुसती भट्टी. बाकीच्यांनी फेटे काढून मांडीवर घेतले. चाचा ताठ बसलेले. पाणी नेलं, नको म्हणाले. डोळे भरलेले दिसले. वाटलं, गहिवरलेत. मीही गहिवरलो आणि मूर्खासारखा फोटो काढला.
अखेर सत्कार झाला. चाचा शाल घेऊन खाली बसले आणि तिथंच कलंडले. फेटा सोडायला गेलो तर माझाच खोचलेला पदर मला सापडेना. पायऱ्यांवरची माणसं धावली. ती सकाळपासून उन्हातच होती, पण डोक्याला ओला टॉवेल, खिशात कांदा. एका बाईनं स्वतःची छत्री चाचांवर धरली, त्यांना गाडीत घालेपर्यंत.

२८, शुक्रवार
राजारामपुरीतला दवाखाना. शुद्धीवर आहेत. उष्माघात, आणि किडनीला त्रास झालाय.
"चाचा, पाणी का घेतलं न्हाईसा?"
"सारखं लघवीला जावं लागतंय. सत्कारातनं मधेच उठलो असतो, तर तुझी शोभा झाली असती."
"आणि फेटा?"
"तू बांधलेला. काढू कसा?"
बाहेर येऊन जिन्यात रडलो. इरफान माझ्याशी बोलत नाही. त्याचं बरोबरच आहे.

२९, शनिवार
कमिटीत तोंड सोडलं. मांडव उचलून पायऱ्यांवर घातला, सोफे उचलले. मॅच सकाळी सात ते दहा, मग चारनंतर. सत्कार दोन मिनिटांत, आणि फेटा हातात द्यायचा.
सेक्रेटरी : "हातात फेटा? पावणं काय म्हणतील?"
म्हटलं, काय बी म्हणू देत, म्हणायला जित्तं राहतील.
शहाणपण दोन दिवस उशिरा आलं.

३०, रविवार
फायनल सव्वानऊला संपली. पायऱ्या गच्च भरलेल्या, सावलीत. छत्रीवाली बाई आली होती. "म्हातारबाबा कसं हाईत?" बरं हाय म्हणालो. खोटं बोललो. कालचा रिपोर्ट चांगला नाही. डॉक्टर म्हणतात, अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही.
साडेदहाला इरफानचा फोन. त्याचा पहिलाच. "अब्बा फेटा मागाय लागल्यात. उशाला ठेवायचाय म्हणं."
तो गुरुवारपासून माझ्या घरीच पडला होता, मातीत माखलेला. बायकोनं धुऊन गच्चीवर टाकला. ऊन इतकं की आम्ही चहा पिऊन होईपर्यंत कडकडीत वाळला. दोघांनी दोन टोकं धरून घडी घातली. पिशवीत भरलाय. चारला निघतो. इरफान दारात उभं करील का, कुणास ठाऊक.
फोन ठेवता ठेवता तो आणखी एक निरोप देऊन गेला, नाइलाजानं दिल्यासारखा. चाचांनी सांगितलंय, पुढच्या खेपेला जरा ढिला बांध म्हणावं.
पुढच्या खेपेला म्हणाले.