निळ्या दिव्याखालची पोर

मयूर विहार, दिल्ली
७ फेब्रुवारी १९९५

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

घरी पोचल्याचं पत्र लिहायचं होतं, पण मुलगी आणि मी अजून हॉस्पिटलातच आहोत. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळवते. तिला कावीळ झाली आहे. नव्या बाळांना होतेच म्हणतात, पण हिची फार लवकर चढली, कारण माझा रक्तगट ओ आणि हिचा बी. निळ्या दिव्यांखाली ठेवलंय, डोळ्यांवर पट्टी, अंगावर नुसता लंगोट. दूध पाजण्यापुरती माझ्याजवळ देतात. मानसच्या सरलाआत्या म्हणाल्या, उन्हात ठेवा, बिल्कुल ठीक होईल. डॉक्टर म्हणाले, नुसत्या उन्हावर भागणार नाही. आकडा आणखी चढला तर रक्त बदलावं लागेल. आज आई हवी होती, बाबा.

तुमची माया पाठीशी असू द्या.
संपदा


कराड
१२ फेब्रुवारी

चि. सौ. संपदास अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता हाती आलं. शेजारच्या अंबादासला घेऊन बूथवर गेलो, त्याने तुझ्या घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. तेव्हापासून विचार करतोय. जन्मभर मुलांना चित्रकला शिकवली. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, एवढंच मला ठाऊक. उजेडाने कावीळ उतरते कशी? निळाच का, लाल का नाही? तिचा पिवळा कसला, लिंबाचा की हळदीचा? तळपायांपर्यंत गेलाय का? रागावू नकोस गं. प्रश्न काढत बसलो की रात्र सरते.

तुम्हा तिघांची वाट पाहणारा,
बाबा


मयूर विहार
१८ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न.

आम्ही घरी आलो! रक्त बदलावं लागलं नाही. वेळ मात्र अगदी दारात आली होती. मानस गाझियाबादच्या फॅक्टरीतून ओ गटाचे दोन मित्र घेऊन आला, ते बाहेर बाकावर बसून होते, आणि पुढच्या तपासणीत आकडा उतरला. मानस त्यांना म्हणाला, चलो यार, घरी जा. आणि स्वतःच रडू लागला.

काल तपासणीला जाताना तुमचं पत्र बरोबर नेलं. डॉक्टर हसले नाहीत, खुर्ची ओढून बसले. म्हणाले, रक्तातला तो पिवळा पदार्थ बाळाच्या यकृताला अजून बाहेर टाकता येत नाही. तो पदार्थ निळा उजेड शोषून घेतो, त्याने त्याचं रूप बदलतं, आणि मग तो शी-शूतून निघून जातो. लाल उजेड त्याच्या उपयोगाचा नाही. गंमत म्हणजे निळ्या दिव्यात पिवळा ओळखूच येत नाही! विजयालक्ष्मी सिस्टर दिवा बंद करून, कातडी बोटाने दाबून बघायच्या. पिवळा म्हणाल तर पिकत आलेल्या पपईच्या सालीसारखा, मांड्यांपर्यंत. तळपाय गुलाबीच राहिले.

पट्टी काढली तेव्हा ती माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली, जणू आवाज कुणाचा ते आत्ता कळलं.

आशीर्वाद असावेत.
संपदा


कराड
२३ फेब्रुवारी

चि. सौ. संपदास आशीर्वाद.

तुझं पत्र अंबादासला वाचून दाखवलं, मग पुन्हा एकट्याने वाचलं. तुझी आई गेल्यापासून मी गावाबाहेर पडलो नाही. आज मात्र पिशवी भरली. अंबादास म्हणतो, या वयात एवढा प्रवास, त्यात तिकडची थंडी. मी म्हटलं, नाक कुणावर गेलंय, जांभई देताना कशी दिसते, हे काही कुणी लिहून कळवायचं नसतं.

हे पत्र पेटीत टाकून पुण्याची गाडी धरतो, तिथून दिल्ली. आधी कोण पोचतं बघू. मी पोचलो, तर पत्र मीच घेईन पोस्टमनकडून.

बाबा