मागच्या जागेवरून

प्रिय भिंगरी,

तुझं सलून माझ्या कामाच्या जागेपासून तीन गल्ल्या सोडून आहे आणि दर रविवारी आपण एका होडीत बसतो, तरी मी तुला पत्र लिहितेय. पाकीट हातात आल्यावर तू आधी हसशील आणि मग घाबरशील, हे मला माहीत आहे. घाबरू नकोस. समोर बसूनच बोलणार होते, परवा त्यासाठी सलूनमध्ये येऊनही गेले. पण तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हातात कात्री घेऊन आरशातून बोलणाऱ्या बाईशी वाद घालणं माझ्यासारखीला जमत नाही. शेवटी तू माझे केस कापलेस आणि मी घरी आले. इथे मात्र तुला मध्येच तोंड घालता येणार नाही. निवांत बसून वाच.

आपण पहिल्यांदा भेटलो तो क्लबचा फुकट होडी चालवून बघण्याचा दिवस आठवतो का? मी दाताच्या कारखान्यातून थेट आले होते, नखांत कवळ्यांचं गुलाबी मेण अडकलेलं. तू मात्र लिपस्टिक लावून, जणू कुणाच्या तरी साखरपुड्याला निघालेली. प्रशिक्षकांनी आपल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एक हलकी, एक भारी, असा हिशेब केला आणि एकाच कयाकमध्ये, त्या दोन जागांच्या निमुळत्या होडीत, बसवलं. तू पुढे, मी मागे. आपण गोल गोल फिरलो आणि धक्क्यावर जाऊन आदळलो. ते वैतागून म्हणाले, पुढे भिंगरी आणि मागे ठोकळा, कसं व्हायचं या होडीचं. नावं तिथेच चिकटली. तेव्हापासून होडीची दिशा मी सांभाळते आणि वेग तू. तुझ्या मानेवरचा तीळ मला माझ्या हाताच्या रेषांपेक्षा जास्त पाठ आहे.

मग आपल्याला त्या मोठ्या शर्यतीचं वेड लागलं. डोंगरातून निघून नदीच्या मुखापर्यंत, तीन दिवसांची. क्लबची ठिगळं लावलेली होडी तिथे पहिल्याच खडकाळ उतारावर फुटली असती. तू म्हणालीस, एवढ्या कंपन्या आहेत, कुणीतरी देईल की होडी. आपण बक्षिसांचे फोटो लावून सगळ्यांना पत्रं धाडली. दोघींनी मिळून जिंकलेल्या त्या ढालीचा फोटो तर तू तीन बाजूंनी काढला होतास. कुणी साधी पोचही दिली नाही. एका कंपनीने तेवढं उलट विचारलं, तुमच्या मागे किती लोक आहेत? आपल्याला काही उलगडा होईना. तू विचार करून म्हणालीस, "माझ्या मागे एकच आहे, ठोकळा." नंतर कळलं की त्यांना पेजचे फॉलोअर हवे होते. ढाल कुणाला बघायचीच नव्हती.

मला तेव्हा राग आला होता, हे तुला माहीत आहे. वाटायचं, होडी चालवायला यायला हवी की नाचायला? पण तू पेज काढलंस. फोन तुझा सारखा कुणाच्या तरी डोक्याच्या रंगाने माखलेला, म्हणून नंबर माझा टाकलास. सुरुवातीचे आपले व्हिडिओ म्हणजे शिक्षाच होती. वल्हं हातात धरून दोघी अशा उभ्या, जणू पासपोर्टचा फोटो काढायला आलोय. ते पाहणारी माणसं तीच, तू, मी, आमचे हे आणि तुझी दोन गिऱ्हाइकं, तीही खुर्चीत अडकलेली म्हणून.

नशीब म्हणायचं, की डॉक्टरांनी तुझ्या सासूबाईंना मोकळ्या हवेत बसायला सांगितलं. त्या काठावर खुर्ची टाकून बसल्या, तू त्यांच्या हातात फोन दिलास आणि धरून ठेवा म्हणालीस. त्यांनी फोन धरला, पण तोंड कोण धरणार? आपण साध्या संथ पाण्यात उलटलो तो व्हिडिओ मी अजूनही एकटी असताना लावते. त्यांचा तो बातम्या वाचल्यासारखा आवाज. "बुडाल्या दोघी. सून वर आली. दुसरीची टोपी आली. हं, आता तीही आली." आपण लाजून तो टाकणारच नव्हतो. त्यांनीच चुकून टाकला, आणि तो कुठल्या कुठे गेला. लोकांना आपल्या वल्ह्यांपेक्षा सासूबाईंचं बोलणं आवडलं, आणि त्या बोलण्याच्या ओढीने मग वल्हीही आवडली. पायाला प्लास्टर घातलेल्या एका बाईने लिहिलं होतं, की दर रविवारी तुमची वाट बघते, तेवढाच माझा पाय पाण्यात. त्या दिवसापासून या सगळ्याला नावं ठेवणं मी बंद केलं. आपली ती ढाल पाहून कुणाला असं काही लिहावंसं वाटलं नसतं.

आणि मग ज्या कंपनीने आपलं पत्र उघडलंही नसेल, तिनेच आपण होऊन होडी पाठवली. निळी, इतकी हलकी की तू एकटीने उचललीस. बदल्यात दर आठवड्याला एक व्हिडिओ. तेही काही सोपं नव्हतं, नाही का? कंपनीचं नाव नीट दिसलं नाही म्हणून तेच वळण पुन्हा पुन्हा घ्यायचं. ऊन बरं पडलंय म्हणून दमलेलं असतानाही निघायचं. तू गिऱ्हाइकाच्या डोक्याला रंग लावता लावता कोपराने फोन ढकलत लोकांना उत्तरं द्यायचीस. मी तुला चिडवायचे, पण हे सगळं ओढत होतीस तू. मी फक्त मागे बसायचे.

आता खरं सांगायची वेळ आली. या वर्षी मी खरंच फक्त मागे बसत होते. कामावर कवळ्या घासायचं बारकं यंत्र दिवसभर उचलून धरून माझा उजवा खांदा कुरकुरायचाच, पण एका सकाळी फळीवरून कप काढायला हात वर केला आणि तो निम्म्यातच थांबला. तुला सांगितलं नाही. नदीवर गेलं की उजवीकडचं वल्हं मी नुसतं पाण्याला टेकवायचे. वाटलं, तुला काय दिसणार, तू तर पुढे बघत असतेस. पण होडी तेवढ्याच वेगाने जात राहिली, आणि तुझी पाठ पहिल्यापेक्षा जास्त भिजायला लागली. एकदा व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, मागच्या बाई सहलीला आल्यात का? मी ते वाचलं, आणि चहा गाळून परत येते तो ते गायब. तू पुसलंस. पुढच्या रविवारी तू म्हणालीस, आज वारा फार आहे, छोटाच फेरा मारू. झाडाचं पानही हलत नव्हतं, भिंगरी. मी बरं म्हटलं. आपण दोघींनी कधी नव्हे ते एकमेकींशी इतकं सांभाळून वागायला सुरुवात केली होती.

गेल्या आठवड्यात मला कंपनीतल्या बाईंचा फोन आला. पेजवर माझा नंबर, त्यामुळे त्यांना वाटलं मी तुझी व्यवस्था बघणारी कुणीतरी आहे. फार अदबीने बोलल्या. म्हणाल्या, आमची एकटीने चालवायची नवी होडी येतेय, ती घेऊन तुमच्या पुढे बसणाऱ्या बाईंनी ती तीन दिवसांची शर्यत करावी, वर्षभराचं प्रशिक्षण आणि सगळी सोय आमची. आम्ही त्यांना दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्या नाही म्हणाल्या. कारण काय, तर आम्ही जोडीनेच करतो. तुम्ही जरा समजावून सांगाल का? मी विचारलं, जोडीनेच असं म्हणाली ती? तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हीच का त्या मागे बसणाऱ्या?" मी हो म्हटलं. बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. एकाच जागेच्या होडीत दोघी कशा मावणार, एवढं मला कळतं म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला लागलं. तू नाही म्हणालीस याचं नाही, त्यांनी तुलाच विचारलं याचं. त्या दिवशी कामावर एका कवळीला मी पुढचे दात मागे बसवले. मालक म्हणाले, घरी जाऊन पडा जरा. मी गेले नाही. जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात बसून आपले सगळे व्हिडिओ पहिल्यापासून बघितले. त्यात तो सापडला, क्लबच्या एकेरी होडीत तू गंमत म्हणून बसली होतीस तो. मी काठावर टॉवेल पिळत होते, मी तेव्हा बघितलंच नव्हतं. तू वळणापर्यंत गेलीस आणि जोरात परत आलीस, सरळ फोनच्या दिशेने. सासूबाईसुद्धा गप्प झाल्या होत्या. मी तो तिथेच थांबवला. इतकी वर्षं एका होडीत बसून वल्हवताना तुझा चेहरा कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं गं. मला फक्त पाठ माहीत. तो चेहरा सलूनमधला नव्हता, घरातला नव्हता, व्हिडिओसाठी केलेलाही नव्हता. कसलीही काळजी नसलेली एक बाई त्या पाण्यावरून येत होती. माझं लागलेलं दुखणं तिथेच निवळलं असं म्हणणार नाही, पण त्याची जागा जरा लहान झाली.

संध्याकाळी तू सलूनमध्ये असताना मी तुझ्या घरी गेले. सासूबाई भाजी निवडत होत्या. मी आडवळणाने सुरुवात केली, तर म्हणाल्या, तुझा उजवा हात मला कधीचा दिसतोय, फोनमध्ये मोठं करून बघता येतं. तूही बघितलंयस, हेही त्यांनीच सांगितलं. दोघी सासू-सुना मिळून माझा खांदा मोठा करून बघत होतात आणि मी आपली लपवतेय. मी विचारलं, तिला कसं विचारू, जाशील का म्हणून? त्या म्हणाल्या, "तिला विचारू नकोस. विचारलंस तर ती नाहीच म्हणणार. तिला सांग."

म्हणून सांगते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवून आले. आतला स्नायू फाटलाय आणि तो शिवावा लागेल. त्यानंतर बरेच महिने हात गळ्यात. कवळ्या करायला मी पुन्हा बसेन, याबद्दल त्यांना शंका नाही. वल्ह्याचं विचारलं, तर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मला उत्तर मिळालं. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं, आमच्या ह्यांना वाटलं कपडे धुतेय. ते झालं. आता तुझ्याकडे नाही म्हणायला कारण उरलेलं नाही. आपली जोडी कंपनीने फोडलेली नाही, की तू सोडलेली नाहीस. खांद्याने साथ सोडली, आणि त्याच्याशी भांडून उपयोग नाही. सोमवारी सकाळी त्या बाईंना फोन कर. मी त्यांना सांगून ठेवलंय की तू करशील. आरडाओरडा करायचा तो इथेच, या कागदावर कर. आणि त्या एकेरी होडीत दिशासुद्धा तुलाच सांभाळायची आहे. डावीकडच्या वळणाला तू घाई करतेस. तिथे एक वल्हं कमी मार.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. आमचे हे येणार म्हणतात, पण सुई पाहिली की त्यांनाच खाटेवर घ्यावं लागतं, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. डॉक्टरांनी विचारलं, शुद्धीवर याल तेव्हा जवळ कोण असेल? माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. तुला न विचारताच. मला फार भीती वाटतेय, भिंगरी. हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नाही, आणि समोर बसून तुलाही सांगू शकले नसते. तू ये. फक्त एकच अट आहे, सोमवारी त्यांना हो म्हटल्याशिवाय मंगळवारी माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मी डोळे उघडले की पहिलं तेच विचारणार आहे, आणि गुंगीत असले तरी तुझं खोटं मला कळतं.

वाट बघणारी, तुझीच,
ठोकळा