केळ्यात कुस्करलेलं किवी

शुक्रवार, १२ तारीख

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद. तुझं प्रशिक्षण नीट चाललं असेल. देवाच्या कृपेने किवीच्या ओठांची सूज पूर्ण उतरली. काल माझा चष्मा नाकावर चढवून माझीच नक्कल करत होती.

फोनवर सांगायला गेले की विषय बदलते, म्हणून लिहिते.

परवा सकाळी ती पक्ष्यांचं पुस्तक घेऊन आली. "आजी, हा किवी उडत नाही. मी तोच का?" मी म्हटलं, "पक्षी पुस्तकात, फळ टोपलीत आणि तू माझ्या मांडीवर. नाव एक, जीव वेगळे." जन्मली तेव्हा अंगभर तपकिरी लव, म्हणून बापाने फळावरून नाव ठेवलं आणि तू मात्र नाकाकडे बघून पक्षीच म्हणतेस, ते तुमचं भांडणही सांगितलं. खूप हसली.

"मग फळ दाखव."

तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसातून आलेल्या फळांच्या टोपलीत एकच उरलं होतं, मऊ पडलेलं. तू निघताना बजावलं होतंस, तिला देऊ नका, ओठ खाजतात. विसरले असं लिहिलं तर तेही खोटंच. पण हात हिशेबी, अन्न टाकवेना. केळ्यात कुस्करून दिलं.

"आई नको म्हणाली ना?"

"तुझ्या आईचे नखरे," मी म्हणाले. पोरीने वाटी चाटूनपुसून खाल्ली.

ती पाळणाघरात पोचते न पोचते तोच तोंड सुजलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काय खाल्लं?" मी म्हटलं, "नुसतं दूध." पिशवीत जपमाळ होती, तरी जीभ अडखळली नाही. तुझा नवरा पाळणाघरातल्या ताईंवर ओरडला, "काय चारलंत पोरीला?" त्या "काही नाही हो दादा, देवाशपथ" म्हणत रडल्या. त्यांना पाळणाघराच्या मालकिणीने सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलंय.

गप्प राहा, असं मी किवीला म्हटलं नव्हतं. तरी ती बोलली नाही. बाप ओरडत होता आणि ती माझ्याकडे नुसती बघत होती.

हे पत्र टपालात टाकून तशीच पाळणाघरात जाते, ताईंच्या मालकिणीसमोर सगळं सांगते. संध्याकाळी तुझ्या नवऱ्याला. तुला आधी कळवलं, कारण शब्द तुझा मोडला. ते नखरे नव्हते, हे किवीलाही मीच सांगेन.

पोर तुझी. यापुढे तिला माझ्यापाशी ठेवायचं की नाही, ते तू ठरव. मी रुसणार नाही.

उत्तराची वाट बघणारी,
तुझी सासू