देव्हाऱ्यातला गोळा

ती. अंबूअक्काच्या पायांशी धाकट्या महादेवाचा नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि गाभण म्हैस, तिघांचेही बरे असावे. इथे केलगेरीत देवाच्या कृपेने मी पुन्हा काठीविना चालतो.

सोमवारी सकाळी अंघोळ करून, देव्हाऱ्यातला गोळा फडक्यात गुंडाळून मी हुबळीला निघालो. लॅमिंग्टन रोडवरच्या मीनाक्षी वकीलबाईंना तो द्यायचा होता. (कौसल्येला सांगितले नव्हते. सांगितले असते तर गोळा घरात राहिला असता आणि मी बाहेर.)

तुला ही हकिगत अर्धीच ठाऊक आहे, कारण माझे दुखणे काढले की तू तुझ्या गुडघ्यांवर येतेस. कौले शाकारताना मी पडलो, खुबा मोडला आणि डॉक्टरांनी आत धातूचा गोळा बसवला. त्या गोळ्याने मला रूपाच्या लग्नमंडपात बाप म्हणून उभे केले, अप्पांना खांदा देऊ दिला. मग तो आतल्या आत झिजू लागला. चालताना करकर, मांडीत ठणका, रक्तात धातू. कंपनीने असे गोळे परदेशात केव्हाच परत मागवले होते, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले. मला कोणी कळवले नाही. (गॅसची नळी जुनी झाली तर घरी माणूस येतो.) त्या डॉक्टरांनी तो काढून नवा सांधा बसवला आणि जुना धुऊन डबीत दिला, कोर्टासाठी सांभाळा म्हणाले.

कौसल्येने तो तिच्या पद्धतीने सांभाळला. खंडेनवमीला कोयता, स्कूटर आणि गोळा, तिघांनाही झेंडूची माळ. मग बाळकृष्णाशेजारी कायमची जागा. "एवढी वर्षं तुम्हाला उचलून फिरला, त्याला कपाटात कोंडायचं?" तू दसऱ्याला आलीस, तीर्थ घेतलेस आणि गुडघे हलके झाले म्हणालीस. (ज्या धातूपासून डॉक्टरांनी मला सोडवले, त्याचीच अंघोळ तू प्यालीस, हे तेव्हा बोलवले नाही. आता विचारून घेतले आहे, भिण्यासारखे काही नाही.)

मीनाक्षीबाईंनी फडके सोडले, हळदकुंकू पाहिले आणि चष्मा काढला. "महादेवअण्णा, आरोपीची आरती कोण करतं?"

"बाई, आरोपी कंपनी. हा बिचारा तिने घडवला तसा वागला."

त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. गोळा नाही तर दावा नाही. हाच गोळा आत घेऊन चालणारी आणखी माणसे आहेत, त्यांना अजून पत्ता नाही; त्यांना कळवायला कंपनीला भाग पाडायचे तर हा पुराव्यात हवा. मी "हौदू, हौदू" म्हणत होकाराची मान डोलावली आणि गोळा खिशात घालून परत आलो. पाय इतका छान चालत होता, अक्का, की देववेना. बसमध्ये सगळ्यांची आठवण झाली. दोन्ही डॉक्टर, कौसल्या, आणि दोन्ही वेळा म्हशी भावोजींवर टाकून माझ्या उशाशी बसायला आलेली तू. एवढे उपकार असताना भांडायचे कुणाशी?

तुझा,
महादेव

ता. क. तुझ्या फोनवरचा तो फोटो तेवढा काढ. माळ घातलेला गोळा आणि मागे हात जोडून मी. तो फिरत फिरत कंपनीच्या वकिलाकडे गेला आहे. ग्राहक पूर्ण समाधानी दिसतो, असे त्याचे म्हणणे. आणि तुमच्या गावच्या, अळणावरच्या बायकांना तीर्थासाठी पाठवू नकोस. कालच दोघी येऊन चहा पिऊन गेल्या.

आणखी एक. पत्र टाकायचे राहिले होते. त्या दोघी गेल्यावर कौसल्येला सगळे सांगितले. तिने निवडायची भाजी बाजूला सारली. "गोळा आत असलेल्या त्या माणसांच्याही घरी बायका वाट बघत असतील," म्हणाली. आज सकाळी तिने स्वतः गोळा उचलला, गणपती विसर्जनाला निघताना त्याच्या हातावर ठेवतो तसे त्यावर दही ठेवले आणि माझ्या हातात दिला. मीनाक्षीबाईंनी विचारले, हे पांढरे काय? सांगितले, निरोपाचे दही आहे. त्यांनी ते न पुसता गोळा ठेवून घेतला, आणि मी रिकाम्या हाताने चालत स्टँडवर आलो.