पॅंट मीच शिवणार

दि. ४ मार्च

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तीन वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. तुमच्या बिट्टीने आमच्या वाटाड्यांच्या शिबिरात नाव घातलंय आणि तिच्या अर्जावर मी सही केली आहे. तिने घरी सांगितलं नसेल, तर आता माझ्याकडून कळलं. नऊ दिवस डोंगरात चालायचं. निवड झाली तर माझ्या हाताखाली पगारी नोकरी. पोरगी एकोणीस वर्षांची आहे, तेव्हा हे विचारणं नाही, कळवणं आहे.

आता कामाचं. तिला चालायची पॅंट दुकानातून घ्या. जीन्स नको, एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि ओल्या शिवणीने मांड्या सोलवटून निघतात. हलकं, चिवट, थोडं ताणणारं कापड बघा. गुडघ्यात मोकळी, घोट्याशी निमुळती, आणि कमरेला जाड शिवण नको, कारण पाठपिशवीचा पट्टा नेमका तिथेच रुततो. घेण्याआधी दुकानातच तिला उकिडवं बसायला लावा. लोक हसले तर हसू देत.

पण कृपा करून तुम्ही शिवू नका. दादा माझ्याबरोबर डोंगरात आला तेव्हा काय झालं ते मी आजवर बोलले नव्हते. खिंडीखालच्या कातळावर त्याचा पाय उचलेना. पॅंट मांडीत आवळते, बायकोने बेतलीच तशी, असं तो स्वतः मला म्हणाला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. भाचीच्या बाबतीत तसं व्हायला नको.

दादाला नमस्कार सांगा, सांगावासा वाटला तर. लोभ असावा, असं लिहायची रीत आहे.

तुमची नणंद

दि. ९ मार्च

वन्संस,
अनेक आशीर्वाद. वयाने मोठी आहे म्हणून लिहावे लागतात.

तू मला पॅंट कशी असावी ते शिकवतेस? पंचवीस वर्षं मी कापड कापते आहे. इस्पितळातल्या परिचारिका आणि पलीकडच्या कारखान्यातले फिटर माझ्या हातच्या पॅंट घालून बारा-बारा तास उभे असतात, वाकतात, शिड्या चढतात. आजवर एकीची शिवण उसवून परत आली नाही. आणि तुझ्या दादाला मी मांडीत आवळणारी पॅंट दिली म्हणे! दोन पायांच्या सांध्यात चौकोनी जोडतुकडा घातला होता मी, माणसाने टांग आकाशात टाकली तरी ताण पडू नये म्हणून. एका पॅंटला तीन संध्याकाळी घालवल्या होत्या.

त्याने मला काय सांगितलं ते ऐकायचंय? बहिणीला घाई होती. मी जरा टेकलो तर ती मंडळी घेऊन निघून गेली, मागे वळूनही पाहिलं नाही, म्हणून एकटा उतरायला लागलो आणि पडलो. गुडघा कायमचा आखडला. वीस वर्षं बस चालवलेला माणूस आता पार्सलच्या खिडकीत पावत्या फाडतो आणि घरी येऊन पाय स्टुलावर ठेवून भिंतीकडे बघतो. त्या माणसासमोर तू मला शिवणकाम शिकवायला निघालीस.

बिट्टी येणार नाही. तिने आठ दिवस तुझी पत्रं मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवली, हेही मला आजच कळलं. लपवालपवी तिला कोणाच्या सहवासात सुचली ते वेगळं सांगायला नको. आणि समजा आलीच, तर पॅंट मीच शिवणार.

लोभ होता, तो तूच संपवलास.

तुझी वहिनी

दि. १५ मार्च

सौ. वहिनींस,
नमस्कार.

मागे वळून पाहिलं नाही? वहिनी, दादाच मला जा म्हणाला. तुझ्याबरोबर अकरा माणसं आहेत, ढग उतरायला लागलेत, त्यांना खिंड ओलांडून दे, मी या पत्र्याच्या शेडपाशी बसतो, असं त्याने तीनदा सांगितलं. मी त्याला पाणी दिलं, शिट्टी दिली, माझं जाकीट दिलं. दोन तासांत मी एकटी परत आले तर शेडपाशी जाकीट होतं, तो नव्हता. दोनशे पावलं खाली सापडला. खालच्या वाडीतून तिघांना बोलावून आम्ही चौघांनी त्याला खांद्यावर घेऊन उतरवलं, हे त्याने सांगितलं नसेलच. नंतर इस्पितळात तुम्ही खोलीच्या दारात हात आडवा धरून मला परत पाठवलंत. आत येऊन मी काय बोलणार होते, हे विचारलंतसुद्धा नाही.

तो मला एक सांगतो आणि तुम्हाला दुसरं. दोघींपैकी एकीला तरी त्याने फसवलं आहे. ती पॅंट तुम्ही टाकली नसेल. काढून बघा. आवळत असेल तर तुमच्या हातच्या पॅंटमध्ये मी पोरीला नेणार नाही; तिला घरीच ठेवा, मी अर्ज मागे घेते. नसेल, तर ज्याला विचारायचं त्याला विचारा आणि माझ्यावर तोंड सोडणं थांबवा.

नणंद

दि. २४ मार्च

वन्संस,

पॅंट ट्रंकेत होती. इस्पितळात तिचा डावा पाय कात्रीने वरपर्यंत फाडला होता, तो मी धावदोऱ्याने जोडला. तुझ्या दादाला म्हटलं, घाला. तो का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, तुमच्या बहिणीला उत्तर द्यायचंय. तीन वर्षं बसून पोट सुटलंय, कमरेचं बटण लागेना. मांडीत मात्र मूठभर कापड मोकळं. मशीनला धरून उभं राहा आणि चांगला पाय बेतायच्या टेबलावर ठेवा, असं मी सांगितलं. टेबल माझ्या कमरेएवढं आहे. त्याने पाय उचलला आणि सहज ठेवला. शिवण कुरकुरलीसुद्धा नाही.

बिट्टी दारात उभी होती. त्याने पाय खाली घेतला नाही. तसाच टेबलावर ठेवून, पॅंटकडे बघत तो म्हणाला, "मी घाबरलो होतो. खाली बघितलं आणि पाऊलच टाकवेना."

धाकट्या बहिणीसमोर, तिच्या अकरा गिऱ्हाइकांसमोर भीती वाटते म्हणायची लाज वाटली, म्हणून पॅंट पुढे केली. तुम्ही गेल्यावर बसल्या जागी भीती वाढतच गेली, म्हणून खाली पळाला. घरी येऊन माझ्यासमोर लाज वाटली, म्हणून तुला पुढे केलं. आपल्या दोघींना एकमेकींच्या अंगावर सोडून हा माणूस तीन वर्षं शांतपणे जेवत होता. चार दिवस मी त्याच्याशी बोललेले नाही. ताट वाढते, बस.

पण म्हणून मी तुझी माफी मागतेय असं समजू नकोस. सोळा वर्षं लोकांना डोंगरावर नेतेस. घाबरलेला माणूस कसा दिसतो हे तुला कळायला नको? तोही सख्खा भाऊ? तो तीनदा जा म्हणाला आणि तू गेलीस. शिंप्याने म्हणावं का, की गिऱ्हाइकाने माप सांगितलं तसं कापलं?

बिट्टी मंगळवारी निघते आहे. मी नाही म्हटलं तेव्हा ती म्हणाली की बाबांसारखं काहीतरी खोटं सांगून जाण्यापेक्षा सांगून जाते. मग मी कापड बेतायला घेतलं. दोन पॅंट शिवल्यात. गुडघ्याला आणि बुडाला दुहेरी कापड आहे, कमरेला चपटं इलॅस्टिक. तुझ्या सूचनेमुळे नाही, मला आधीपासून कळतं म्हणून.

पोरीला काही झालं तर माझ्याशी गाठ आहे.

वहिनी

दि. १२ एप्रिल

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पोरगी सुखरूप आहे. काल शिबिर संपलं. तिची निवड झाली नाही.

सहाव्या दिवशी आम्ही त्याच कातळाखाली होतो. अठरा उमेदवार, दोन परीक्षक. बिट्टीने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि सगळ्यांदेखत मोठ्याने सांगितलं की तिला भीती वाटते, ती इथून चढणार नाही. दोघं-तिघं हसले. मी परीक्षकांना बाकीच्यांना पुढे न्यायला सांगितलं आणि तिच्याबरोबर खालच्या वाटेने वळसा घेतला. साडेतीन तास जास्त लागले. तिचे गुण कापले गेले आणि जबाबदारी सोडली म्हणून माझ्या नावावरही शेरा पडला. ती पुढच्या वर्षी पुन्हा येणार म्हणते. तिचं तुम्ही बघा.

पॅंटबद्दल तक्रार करायला मी टपलेली होते. पावसात भिजली, तासाभरात वाळली. घसरगुंडीच्या उतारावर बिट्टी दोनदा बुडावर आपटली, कापडाला साधा ओरखडा नाही. डाव्या मांडीवरचा खिसा फार खोल आहे, एवढंच सापडलं.

तुम्ही विचारलं होतं, घाबरलेला माणूस मला ओळखता येत नाही का. त्या वळशाच्या वाटेवर मी त्याचंच उत्तर शोधत होते. ओळखता येतो. त्या दिवशीही आला होता. दादाचे ओठ पांढरे पडले होते, हात कातळाला घट्ट चिकटले होते. मला सगळं दिसलं होतं, वहिनी. पण त्याच्यासाठी परत फिरले असते तर अकरा लोकांची सहल बुडाली असती. तेवढ्यात तो पॅंट आवळते म्हणाला आणि मला सुटल्यासारखं झालं. त्याचं खोटं मी खरं मानलं, कारण ते मला सोयीचं होतं. नंतर तेच तुमच्या माथी मारलं.

हे बिट्टीला सांगितलं आहे. दादालाही सांगायचं आहे, पण पत्रातून नाही. रविवारी पहिल्या बसने येते. जेवायला थांबणार नाही.

लोभ मागायला मला तोंड नाही.

तुमची नणंद