सेलांची उतरंड

गुंद, २ एप्रिल २०२५

चि. निखिल यास कमलआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांशी झालेला करार मी विसरलेली नाही. पावसापर्यंत टाकी एकदाही कोरडी पडली नाही, तर पुंडलिक मला बेळगावला न्यायची भाषा पुन्हा करणार नाही.

पण तू टाकीच्या झाकणावर बसवलेले पाणी मोजायचे यंत्र झोपले आहे. स्वयंपाकघरातल्या डबीवर टक्क्यांऐवजी नुसती रेघ. सेल संपले असणार म्हणून मीच बदलले. स्क्रू काढले, उलटसुलट बाजू पाहून सेल घातले. दोन दिवस चालले, पुन्हा रेघ.

या घराची रीत तुला ठाऊक आहे. नवे सेल टॉर्चला, कारण वाटेत गवा उभा असेल तर आधी दिसायला हवा. तिथे मंदावले की रेडिओला, रेडिओ बसला की घड्याळाला. यंत्र सगळ्यांत धाकटे, म्हणून त्याला घड्याळातले दिले. खादाड आहे तुझे यंत्र! असो. मी टाकीवर बोटाने टकटक करून पाणी ओळखते. काळजी नसावी.

लोभ आहेच, तो वाढव.
कमलआत्या

बेळगाव, ९ एप्रिल २०२५

ती. कमलआत्यास निखिलचा शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र वाचून तुझी सून रेश्मा हसून हसून बेजार झाली. आत्या, घड्याळाला थेंबभर वीज पुरते, यंत्राला नाही. त्याला कोरे सेल लागतात, दोन्ही एकदम. झाकणाखालचे रबर नीट बसव, नाहीतर दमट हवा आत शिरेल.

बाबांनी मात्र पत्र वाचून निकाल लावला. म्हणाले, अक्काला दोन सेल जमेनात, टाकी काय सांभाळणार? रविवारी, सत्तावीसला, गाडी घेऊन येणार आहेत. पिशवी भरून ठेव म्हणालेत. तिथे रेंज नाही, नाहीतर फोनवरच भांडले असते. मी तुझ्या बाजूने बोललो, पण माझे कोण ऐकतो?

लोभ असू द्यावा.
तुझा निखिल

गुंद, १६ एप्रिल २०२५

चि. निखिल यास आशीर्वाद.

पत्र मिळताच टॉर्चमधले कोरे सेल काढून यंत्रात घातले. रबर पुसून बसवले. डबीवर आकडा आला: एकतीस. दुपारी चोवीस. घरात दोन घागरींपलीकडे खर्च नाही.

शेजारचा गणपती म्हणाला, बाई, यंत्र खोटं बोलतंय, टाकीत पाणी हाय की. मी म्हटले, सेल मी घातले आहेत, ते खोटे बोलणार नाही. टाकीत ज्या झऱ्याचे पाणी येते, तिथपर्यंत त्याला घेऊन पाइपाच्या कडेने चढले. वरच्या वळणावर गव्याने पाय देऊन पाइप चेचला होता. पाणी पाचोळ्यात जात होते. तेवढा तुकडा कापला, नवा जोड घातला, वरून सायकलची ट्यूब आवळली. गणपती परतताना माझ्या मागे होता, हेही लिहून ठेवते.

आज डबीवर शहाऐंशी आहे.

एक कबूल करते. टकटक पाणी आहे एवढेच सांगते, येते आहे की नाही ते सांगत नाही. माझ्या रीतीपायी टाकी कोरडी पडायची ती थोडक्यात वाचली. आता कोरे सेल आधी यंत्राला, मग टॉर्चला. घड्याळाचा नंबर आलेला नाही, ते सव्वाचारावर उभे आहे. माझे काही अडत नाही.

पुंडलिकला म्हणावे, रविवारी अवश्य ये. जेवायला थांब. गाडीत माझ्यासाठी जागा रिकामी ठेवली असेलच, तिथे दोन फणस आरामात बसतील.

लोभ आहे, तो असाच राहावा.
कमलआत्या